शाश्वत विकासाच्या फायलीवर ‘नाही’ कोण लिहिणार?

उझबेकिस्तानातल्या मोयनाक गावाबाहेर वाळूत गंजलेल्या मासेमारी नौका उभ्या आहेत. एकेकाळी हे बंदर होतं. आज पाणी तिथून शंभराहून अधिक किलोमीटर लांब गेलं आहे. १९६० च्या सुमारास अरल समुद्र जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होता, क्षेत्रफळ जवळपास ६८ हजार चौरस किलोमीटर. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांच्या पाण्यावर तो जगत होता. त्या नद्यांचं पाणी कापसाच्या सिंचनासाठी वळवलं गेलं. १९८७ पर्यंत समुद्राचे दोन तुकडे झाले, आणि २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या तुकड्याचा पूर्व भाग पार कोरडा पडलेला उपग्रहाच्या छायाचित्रांतून जगाने पाहिला.

ही गोष्ट नेहमी पर्यावरणाच्या ऱ्हासाची म्हणून सांगितली जाते. मला ती सरकारी समन्वयाची म्हणून सांगायची आहे. कारण ज्या सोव्हिएत राजवटीत हे घडलं, तिच्याइतकं काटेकोर नियोजन फार थोड्या सरकारांनी केलं असेल. सगळ्या खात्यांची उद्दिष्टं मॉस्कोत एका छताखाली ठरत होती. किती हेक्टर ओलिताखाली आणायचे, किती टन कापूस पिकवायचा, मोयनाकच्या कारखान्यात माशांचे किती डबे भरायचे, प्रत्येक गोष्टीचा आकडा ठरलेला होता. समुद्र मागे सरकला, मासे संपले, तेव्हा कारखाना थांबू नये म्हणून दूरच्या समुद्रांतले गोठवलेले मासे तिथे आणले गेले. समुद्र नसलेल्या बंदरात डबे भरण्याचं काम काही वर्षं चालू राहिलं. समुद्र आटत जाईल हे नियोजकांना ठाऊक नव्हतं असंही नाही. कापूस जास्त मोलाचा, असा हिशेब त्यांनी केला होता. त्या अवाढव्य यंत्रणेत सगळं होतं. फक्त समुद्राच्या बाजूने फायलीवर ‘नाही’ असं लिहिण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

शाश्वत विकासाच्या धोरणाबद्दल बोलताना ‘समन्वय वाढवला पाहिजे’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारलं जातं की त्यावर कुणी हरकत घेत नाही. मी घेतो. समन्वय पुष्कळ सरकारांकडे आहे. जवळजवळ प्रत्येक देशात एखादी आंतर-मंत्रालयीन समिती आहे, नोडल संस्था आहे, निर्देशकांचा डॅशबोर्ड आहे, वार्षिक अहवाल आहे. नाहीत त्या दोनच गोष्टी: उद्याचं नुकसान करणारा निर्णय अडवण्याची किंवा निदान त्याचं कारण लेखी मागण्याची ताकद, आणि काम करणाऱ्यापेक्षा वेगळा, त्याच्या हाताखाली नसलेला मोजणारा. या दोन गोष्टी असतील तर साधी समितीही पुरते. नसतील तर सगळ्यात सुबक यंत्रणासुद्धा कारखान्याला दुसरीकडचे मासे पुरवत राहते.

थोडा इतिहास आवश्यक आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान राहिलेल्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची व्याख्या रूढ केली: भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या ‘अजेंडा २१’ने प्रत्येक देशाला राष्ट्रीय शाश्वत विकास धोरण आखायला सांगितलं. मग २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं स्वीकारली, मुदत २०३०. मुदतीच्या निम्म्याहून जास्त वाट सरल्यावर, २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात मोजता येण्याजोग्या लक्ष्यांपैकी फक्त १७ टक्के वाटेवर असल्याचं नोंदवलं गेलं. एक तृतीयांशाहून अधिक लक्ष्यं एकतर जागच्या जागी थांबली होती किंवा मागे चालली होती. महामारी, युद्धं, कर्जाचा बोजा ही कारणं खरीच आहेत. पण सरकारांच्या आतल्या कामाच्या पद्धतीचा वाटाही त्यात मोठा आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

ती पद्धत जवळून पाहू. एका मंत्रालयाचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी इतर मंत्रालयांकडे अभिप्रायासाठी फिरतो. सोबतच्या पत्रात मुदत दिलेली असते, आणि खाली एक ठरलेलं वाक्य: मुदतीत अभिप्राय न मिळाल्यास सहमती गृहीत धरण्यात येईल. ज्या मंत्रालयाकडे माणसं कमी आणि विषय जास्त, त्याचा अभिप्राय वेळेत जात नाही. पर्यावरणाचं मंत्रालय बहुतेक देशांत याच प्रकारात मोडतं. अभिप्राय वेळेत गेलाच तर तो ‘सूचनांचा यथायोग्य विचार करण्यात येईल’ या शेऱ्याखाली पुरला जातो. मग समन्वय समितीची बैठक होते. सचिवांना बोलावलेलं असतं, सहसचिव येतात, पुढच्या वेळी त्यांचाही प्रतिनिधी येतो. प्रतिनिधीला निर्णय घेण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे तो आपल्या खात्याने काय काय केलं याची यादी वाचून दाखवतो. सगळ्या याद्या एकापाठोपाठ जोडल्या की इतिवृत्त तयार. यात कुणी आळशी किंवा अप्रामाणिक असण्याची गरज नाही. प्रत्येकजण आपलं काम नीट करत असतानाही शेवटी जे हाती येतं त्याला समन्वय म्हणता येत नाही, ती नुसती बेरीज असते.

बेरजेने काय बिघडतं? भूजलाचं उदाहरण घ्या. ते अनेक खंडांत सारखंच घडतं. शेतीमंत्रालयाचं लक्ष्य उत्पादन वाढवण्याचं. ऊर्जामंत्रालयाचं लक्ष्य पंपांना स्वस्त वीज देण्याचं, हल्ली त्यात सौरपंपांची भर. जलमंत्रालयाचं लक्ष्य ठिबक सिंचनाखालचं क्षेत्र वाढवण्याचं. तिन्ही लक्ष्यं चांगली आहेत, तिन्ही १७ उद्दिष्टांपैकी कुठल्यातरी खान्यात बसतात, आणि तिन्ही मंत्रालयं आपापल्या अहवालात हिरवा रंग भरू शकतात. जमिनीखालचं पाणी मात्र दरवर्षी थोडं आणखी खोल जातं. सौरपंपाला इंधनाचा खर्च नाही, म्हणून तो बंद करण्याचं कारण उरत नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी थोडी जमीन भिजवतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. पाण्याच्या पातळीची नोंद एखाद्या चौथ्याच खात्यात होते आणि ते खातं समितीत असलं तरी टेबलाच्या टोकाला बसतं. तिन्ही योजना मंजूर होत असताना ‘या पट्ट्यात पंप वाढवू नका’ असं लिहून फाईल परत पाठवणारं कुणी असतं का, हा खरा प्रश्न आहे.

या त्रुटीची जाणीव आंतरराष्ट्रीय पातळीवर नाही असं नाही. १६९ लक्ष्यांपैकी १७.१४ हे लक्ष्य धोरणांच्या सुसंगतीचंच आहे. पण ते मोजायचं कसं ठरलं, ते बघा. देशात सुसंगतीसाठी यंत्रणा आहे का, राजकीय बांधिलकी जाहीर झाली आहे का, मंत्रालयांमध्ये समन्वयाची व्यवस्था आहे का, देखरेख आणि अहवालाची सोय आहे का, अशा आठ बाबींवर गुण द्यायचे. यंत्रणा असल्याचे गुण मिळतात. त्या यंत्रणेमुळे एखादा निर्णय बदलला का, हे कुठेच विचारलं जात नाही. ही मला या साऱ्या रचनेतली सगळ्यात मोठी चूक वाटते.

समन्वयाचं काम कुठे ठेवावं यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. सुरुवातीला बहुतेकांनी ते पर्यावरण मंत्रालयाकडे दिलं, आणि ते फसलं, कारण एक मंत्रालय दुसऱ्या समान दर्जाच्या मंत्रालयाला हुकूम करू शकत नाही. फिनलंडने १९९३ मध्येच शाश्वत विकासाचा राष्ट्रीय आयोग नेमला आणि बराच काळ त्याचं अध्यक्षपद पंतप्रधानांकडे राहिलं. पुढे सचिवालयही पंतप्रधान कार्यालयात हलवलं. कोलंबियाने २०१५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे उद्दिष्टं स्वीकारली जाण्याच्याही आधी, त्यांच्यासाठीचा आंतर-मंत्रालयीन आयोग स्थापला आणि नियोजन विभागाकडे सूत्रं दिली. भारतात हे काम नीती आयोगाकडे आहे आणि निर्देशकांची राष्ट्रीय चौकट सांख्यिकी मंत्रालयाकडे. नॉर्वेत प्रत्येक मंत्रालयाने आपल्या वाट्याच्या उद्दिष्टांबद्दल अर्थसंकल्पाच्या प्रस्तावातच लिहायचं, अशी पद्धत पडली. मला ही शेवटची वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. कारण सरकारात ज्या एका टेबलावर ‘नाही’ हा शब्द रोज उच्चारला जातो, ते अर्थमंत्रालयाचं टेबल असतं. तिथे शाश्वततेचा प्रश्न विचारला गेला नाही तर तो बाकी कुठेही विचारून फारसा उपयोग होत नाही. पैसे सुटल्यानंतर येणारा आढावा हा फक्त इतिहास असतो.

आता जर्मनीकडे जरा निवांत पाहायला हवं, कारण कागदावर तिथली यंत्रणा सगळ्यात भरीव आहे आणि म्हणूनच तिचं अपयश सगळ्यात जास्त शिकवतं. २००२ मध्ये जर्मनीने राष्ट्रीय शाश्वतता धोरण स्वीकारलं. सगळ्या मंत्रालयांच्या राज्य-सचिवांची, म्हणजे मंत्र्याखालोखालच्या अधिकाऱ्यांची, समिती बराच काळ चान्सलर कार्यालयाच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली बसत आली. तज्ज्ञांची स्वतंत्र परिषद २००१ मध्ये आली, संसदेची सल्लागार समिती २००४ मध्ये. परदेशी तज्ज्ञांना बोलावून त्यांच्याकडून आपल्या धोरणाची परीक्षाही या देशाने वारंवार करून घेतली. २००९ पासून कायद्याच्या मसुद्यांना शाश्वततेची तपासणी लागू आहे. आणि निर्देशकांचा अहवाल कुठलंही मंत्रालय लिहीत नाही. दर दोन वर्षांनी तो संघीय सांख्यिकी कार्यालय स्वतंत्रपणे काढतं. त्यात प्रत्येक निर्देशकासमोर हवामानाचं चिन्ह असतं. वाटचाल बरोबर असेल तर सूर्य, थोडी कसर असेल तर ढगाआडचा सूर्य, मग नुसता ढग, आणि उलट दिशेने चाललं असेल तर विजांसह वादळ. मला हे चिन्ह फार आवडतं. वादळाच्या चित्रासमोर ‘लक्षणीय प्रयत्न सुरू आहेत’ असं लिहून सुटका होत नाही.

त्या धोरणातलं एक लक्ष्य होतं जमिनीचं. वस्त्या आणि रस्त्यांखाली रोज सुमारे १३० हेक्टर नवी जमीन जात होती. २०२० पर्यंत ती दिवसाला ३० हेक्टरवर आणायची असं ठरलं. आकडा साधा होता आणि कुणालाही समजेल असा होता. तो बराच खाली आलाही, पण २०२० साली ५० च्या वरच होता. त्याआधीच, २०१६ च्या नव्या आवृत्तीत, ३० हेक्टरच्या खाली येण्यासाठी २०३० ही नवी मुदत लिहिली गेली होती. इथवर ठीक म्हणू. आता पुढचं बघा. २०१७ मध्ये त्याच संघीय पातळीवर बांधकाम संहितेत १३बी हे कलम घातलं गेलं. गावाच्या, शहराच्या कडेला दहा हजार चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामासाठी निवासी आराखडा करायचा असेल तर तो जलद प्रक्रियेने, पर्यावरणीय तपासणी न करता करता येईल, अशी ती मुभा. घरांची टंचाई होती, हे कारण खरं होतं. मुदत संपल्यावर २०२१ मध्ये हे कलम पुन्हा लागू केलं गेलं. जमीन वाचवण्याचं लक्ष्य आणि जमीन मोकळी करण्याचं कलम, दोन्ही एकाच सरकारच्या कागदांवर, एकाच काळात. शेवटी जुलै २०२३ मध्ये जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने हे कलम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवलं.

यात ‘नाही’ कुणी म्हटलं ते लक्षात घ्या. राज्य-सचिवांची समिती, तपासणीची पद्धत, सल्लागार परिषद हे सगळं असूनही हे कलम एकदा झालं आणि दुसऱ्यांदाही झालं. थांबवलं ते न्यायालयाने, कारण त्याच्या हातात कायदा होता. तरीही जर्मनीची यंत्रणा मला निरुपयोगी वाटत नाही. ही सगळी गोष्ट मी आज सांगू शकतो, कारण तो हेक्टरचा आकडा स्वतंत्र कार्यालयाने मोजून ठेवला आणि मुदत सरकवली गेली तेव्हा ते सगळ्यांना दिसलं. पुष्कळ देशांत चुकलेलं लक्ष्य गुपचूप नव्या योजनेच्या नावाखाली विरून जातं, आणि दहा वर्षांनी जुना आकडा शोधायला गेलं तर संकेतस्थळच बदललेलं असतं.

मोजणारा वेगळा हवा म्हणतो तो याचसाठी. दरवर्षी जुलैत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय राजकीय मंचावर देश आपापले ऐच्छिक राष्ट्रीय आढावे मांडतात. २०१६ मध्ये पहिल्या वर्षी २२ देशांनी मांडले, त्यानंतर बहुतेक सगळे देश एकदा तरी येऊन गेले. हे आढावे सरकार स्वतः लिहितं, स्वतः वाचतं, आणि प्रश्नोत्तरं काही मिनिटांत आटोपतात. मी असा अहवाल हातात घेतला की पहिलं प्रकरण न उघडता आधी परिशिष्ट उघडतो. कुठल्या निर्देशकासमोर ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिलं आहे, पायावर्ष कोणतं धरलं आहे, मागच्या अहवालातला एखादा निर्देशक या वेळी गायब आहे का, हे पाहतो. देशाला काय लपवायचं आहे, ते छायाचित्रांच्या पानांपेक्षा तिथे लवकर कळतं.

आणि निर्देशकांच्या सरासरीबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे. भारताचा शाश्वत विकास निर्देशांक हा एका अर्थाने फार मोठं काम आहे. इतक्या राज्यांची तुलना करता येईल अशी माहिती एका ठिकाणी आणणं सोपं नव्हतं, आणि राज्यांमध्ये त्यामुळे चुरस लागली हेही चांगलंच झालं. देशाचा एकत्रित गुणांक २०१८ मध्ये ५७ होता, २०२३-२४ च्या आवृत्तीत ७१ झाला. पण पहिल्या आवृत्तीत १७ पैकी १३ उद्दिष्टंच मोजली गेली होती. उपभोग आणि उत्पादन, हवामान बदल, समुद्र आणि जागतिक भागीदारी ही त्यात नव्हती. निर्देशकांची संख्याही ६२ वरून ११३ वर गेली. म्हणजे मोजपट्टी दरम्यान बदलली, आणि ५७ ते ७१ हा प्रवास सरळ रेषेने वाचता येत नाही. शिवाय ७१ या आकड्याखाली स्त्री-पुरुष समानतेच्या उद्दिष्टाला जेमतेम ४९ गुण आहेत. सरासरी हे झाकते. वीजजोडण्यांचे शंभर गुण भूजलाच्या घसरणीची भरपाई करू शकत नाहीत. शाळेत गणितात नापास झालेल्या मुलाला चित्रकलेचे गुण जोडून पास करावं, तसं हे होतं. काही गोष्टींना तळरेषा असते. त्याखाली गेलं तर बाकीच्या यशाने ते भरून निघत नाही. म्हणून एकत्रित गुणांक छापायचाच असेल तर त्याच पानावर सगळ्यात कमी गुणाचं उद्दिष्ट तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

मोजण्याचा पाया जनगणना आणि पाहण्या. भारताची शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची होऊ शकली नाही, आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. प्रति हजार, प्रति कुटुंब, शेकडा किती अशा प्रत्येक निर्देशकाचा छेद त्या मोजणीवर उभा असतो. छेद जुना असेल तर अंश कितीही नेमका असला तरी भागाकार अंदाजेच येतो. सांख्यिकीवरचा खर्च हा धोरणावरचा वरखर्च नाही, तो धोरणाचाच भाग आहे. गरीब देशांना हे अधिकच लागू होतं. तिथे निर्देशकांची संख्या दोनशेच्या घरात नेण्यापेक्षा वीस निर्देशक दरवर्षी, प्रामाणिकपणे, जिल्ह्यापर्यंत मोजले तर मला ते जास्त मोलाचं वाटेल.

आता पहारेकऱ्यांकडे. कॅनडात १९९५ पासून महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात पर्यावरण आणि शाश्वत विकासाचे आयुक्त आहेत. त्यांचे अहवाल थेट संसदेत जातात. २०२१ मध्ये या आयुक्तांनी स्पष्ट लिहिलं की पॅरिस करारानंतर जी-७ देशांत उत्सर्जनाच्या बाबतीत सगळ्यात वाईट कामगिरी कॅनडाचीच आहे. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कार्यालयाने सरकारबद्दल इतकं सरळ वाक्य लिहावं आणि कार्यालय दुसऱ्या दिवशी उघडं राहावं, हीच त्या पदाची किंमत. सगळीकडे तसं झालं नाही. ब्रिटनचा शाश्वत विकास आयोग २००० मध्ये सुरू झाला आणि खर्चकपातीच्या नावाखाली मार्च २०११ मध्ये बंद केला गेला. इस्रायलने २००१ मध्ये भावी पिढ्यांसाठी आयुक्त नेमला होता. येणाऱ्या विधेयकावर मत तयार करायला वेळ मागण्याचा हक्क त्याला होता, म्हणजे व्यवहारात विधेयक थोडं थांबवण्याचा. २००६ मध्ये पहिल्या आयुक्तांची मुदत संपल्यावर ते पद भरलंच गेलं नाही. हंगेरीने असाच संसदीय आयुक्त नेमला आणि २०१२ मध्ये त्याचं स्वतंत्र पद दुसऱ्या कार्यालयात विलीन केलं. ज्याच्या हातात थांबवण्याची ताकद येते त्याचं पद आधी जातं, असं हा इतिहास पाहून म्हणावंसं वाटतं. म्हणून अशा पदाला शासननिर्णयाचा आधार पुरत नाही. कायदा हवा, ठरलेली मुदत हवी, आणि खर्चाची तरतूद संसदेकडून हवी.

वेल्समध्ये हे सगळ्यात जास्त जमलं आहे. २०१५ चा भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा सार्वजनिक संस्थांवर बंधन घालतो: सात कल्याणलक्ष्यं गाठायची आणि निर्णय घेताना दूरचा परिणाम धरायचा. या कायद्याखालच्या भावी पिढ्यांच्या आयुक्तांना निर्णय रद्द करण्याचा अधिकार नाही. पण त्यांनी शिफारस केली तर संबंधित संस्थेला ती पाळावी लागते, नाहीतर का पाळणार नाही हे जाहीरपणे लिहून द्यावं लागतं. न्यूपोर्ट शहराच्या दक्षिणेकडून एम४ महामार्गाला सुमारे २३ किलोमीटरचा नवा फाटा काढायचा होता. खर्च शंभर कोटी पौंडांच्या बराच वर, आणि वाट ग्वेंट लेव्हल्स या दलदलीच्या, जीवसृष्टीने भरलेल्या पट्ट्यातून. आयुक्तांनी उघड विरोध केला. चौकशी करणाऱ्या निरीक्षकाने मात्र रस्त्याच्या बाजूने शिफारस केली होती. जून २०१९ मध्ये वेल्सचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, मार्क ड्रेकफोर्ड यांनी प्रकल्प नाकारला. खर्चाचं कारण होतंच, पण पर्यावरणाच्या हानीला आपण निरीक्षकापेक्षा जास्त वजन देतो असंही त्यांनी लेखी सांगितलं. पुढे नेमलेल्या आयोगाने त्या भागासाठी रेल्वे आणि बसच्या जाळ्याचा पर्याय मांडला. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर वेल्समध्ये अजून मतभेद आहेत, आणि वाहतूककोंडीत रोज अडकणाऱ्या माणसाचा राग मला समजतो. माझा मुद्दा एवढाच की ‘नाही’ हा शब्द फायलीवर आला, कारणांसह आला, आणि त्याखाली निवडून आलेल्या माणसाची सही होती.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. लोकांनी निवडून न दिलेल्या आयुक्ताने लोकनियुक्त सरकारचे हात का बांधावेत? गरीब देशात तर हा आक्षेप आणखी तीव्र होतो: आज ज्यांच्या घरी नळ नाही, त्यांच्या वतीने नंतर जन्मणाऱ्यांसाठी थांबा म्हणायचा हक्क कुणाला? मला वाटतं उत्तर वेल्सच्या रचनेतच आहे. अंतिम शब्द सरकारचाच राहू द्या. फक्त त्याने तो शब्द लिहून द्यावा, निर्णयाआधी द्यावा, आणि ज्या आकड्यांवर तो उभा आहे ते आकडे स्वतंत्र माणसाने तपासलेले असावेत. मतदाराला हिशेब मागता यावा म्हणून हे बंधन आहे. त्याने लोकशाहीचे हात बांधले जात नाहीत. आणि आज ज्याच्या घरी नळ नाही, त्याच्या वतीने तर हे आधी करायला हवं. भूजल आटलं की पहिली विहीर त्याचीच कोरडी पडते. ज्याच्याकडे पैसा आहे तो आणखी खोल बोअर घेतो.

२०३० नंतर काय, याची चर्चा सप्टेंबर २०२७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय मंचावर होणार आहे. नवी उद्दिष्टं, नवे निर्देशक, कदाचित नवे आकडे येतील. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक देशाच्या आढाव्यात एक तक्ता सक्तीचा करावा: गेल्या पाच वर्षांत शाश्वत विकासाच्या समन्वय यंत्रणेमुळे कोणता प्रस्ताव थांबला, कोणता बदलला, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने, आणि कोणत्या आकड्याच्या आधारावर. हा तक्ता सरकारने भरावा, पण त्या देशाच्या महालेखापरीक्षकाने तपासून द्यावा. सांगण्यासारखं काही घडलंच नसेल तर रकाने कोरे ठेवावेत आणि तसेच छापावेत.